ध्वनियंत्रणा, नाइट क्लबची

मोठ्या नाइट क्लबच्या डान्स फ्लोअरवर सर्वत्र सारख्या ताकदीचे व स्पष्ट संगीत पोहोचवणारी, तसेच तो आवाज आवाराबाहेर शक्य तितका जाऊ न देणारी, ध्वनिक्षेपक, अ‍ॅम्प्लिफायर, प्रोसेसर आणि वीजजोडणी यांची एकत्रित मांडणी. व्याख्येतील दुसऱ्या अटीपासूनच गोव्यातील आराखड्याची सुरुवात करावी लागते, कारण बार्देश तालुक्यातील कळंगुट, बागा, हडफडे, हणजूण, वागातोर या पट्ट्यात क्लब आणि राहते वाडे, म्हणजे वस्त्या, एकमेकांना खेटून आहेत आणि अनेक क्लबांची बांधणी अर्धखुली आहे.

डान्स फ्लोअरसाठी खास यंत्रणा आखण्याची पद्धत १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये आकाराला आली. रिचर्ड लाँग यांनी तेथील ‘पॅरडाइज गराज’ (१९७७–८७) या क्लबसाठी उभारलेली यंत्रणा पुढील आराखड्यांचा आदर्श ठरली : फ्लोअरभोवती मोठे संच आणि खालच्या सुरांसाठी वेगळे, अवाढव्य बेस ध्वनिक्षेपक. गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावरील खुल्या पार्ट्यांतून ट्रान्स हे वेगवान इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत वाढले. खुल्या वाळूवर आवाज परतून येत नाही, त्यामुळे तेथे जमलेली यंत्रणा तशीच छपराखाली आणल्यास ती बिघडल्यासारखी वाजते. मिनिटाला १४५ ठोके असतील तर दोन ठोक्यांत केवळ ०.४१ सेकंद अंतर राहते. खोलीत बेस त्याहून बराच अधिक काळ घुमत राहिला, तर ठोके एकमेकांत मिसळतात आणि फक्त गुरगुर उरते.

म्हणून प्रथम जागेचा निनादकाल, म्हणजे ध्वनी थांबवल्यावर तो ६० डेसिबेलने उतरण्यास लागणारा वेळ, ठरवतात. सॅबिनच्या सूत्रानुसार ३० × २० × ५ मीटर, म्हणजे ३,००० घनमीटरच्या दालनात तो ०.९ सेकंदावर आणण्यासाठी सुमारे ५४० चौरस मीटर पूर्ण शोषक पृष्ठभागाइतके शोषण लागते. त्यातील काही भाग गर्दी स्वतः भरून काढते, पण माणसे व कपडे मुख्यतः वरचे सूर शोषतात. बेससाठी छताखालचे जाड शोषक थर किंवा हवेची पोकळी ठेवून बसवलेले पडदीसारखे फलक लागतात. या कामी स्वस्त फोम चिकटवणे हा गुन्हा समजावा : अमेरिकेतील ऱ्होड आयलंडच्या ‘द स्टेशन’ क्लबमध्ये २००३ साली १०० आणि ब्राझीलमधील ‘किस’ क्लबमध्ये २०१३ साली २४२ माणसे मेली, ती आतषबाजीने पेटलेल्या ध्वनिशोषक फोममुळे. अग्निरोधक खनिज लोकर महाग पडते, तरी पर्याय तोच.

ध्वनिक्षेपकांच्या मांडणीत वेळेचा हिशेब निर्णायक असतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो, म्हणजे १० मीटर अंतराला २९ मिलिसेकंद लागतात. बारजवळच्या लहान ध्वनिक्षेपकांना प्रोसेसरमधून तितका विलंब दिला नाही, तर तिथे उभ्या माणसाला प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो. वरचे सूर फ्लोअरच्या चार कोपऱ्यांतून मध्याकडे रोखता येतात. सबवूफर (सब), म्हणजे फक्त बेस वाजवणारे ध्वनिक्षेपक, मात्र विखुरले की फसगत होते : ५० हर्ट्झची तरंगलांबी जवळपास ७ मीटर असल्याने दोन सबपासूनच्या अंतरात ३.५ मीटरचा फरक पडेल त्या जागी तो सूर जवळजवळ नाहीसा होतो. फ्लोअरवर दोन पावले सरकताच बेस गायब होण्याचे कारण हेच. ते सब वाढवून दूर होत नाही, एकाच ठिकाणी ओळीने रचून होते.

बाहेर जाणाऱ्या आवाजाचे गणित याहून कठीण आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक केवळ बंदिस्त जागेत, आतल्या आत ऐकू जाण्यापुरता चालतो. निवासी क्षेत्रातील रात्रीची मर्यादा ४५ डेसिबेल (ए) असून खासगी जागेच्या हद्दीवर त्याहून ५ पेक्षा अधिक वाढ चालत नाही. खुल्यावर अंतर दुप्पट झाले की पातळी फक्त ६ डेसिबेलने घटते. १० मीटरवर १०० डेसिबेल असेल तर केवळ अंतराच्या जोरावर १ किलोमीटरवर ती ६० असते. रात्रीचे मतलई वारे किनाऱ्यावरच्या क्लबचा आवाज काही अंशी समुद्राकडे नेतात, पण डोंगरउतारावरच्या जागेला तो आधार नसतो. हणजूण–वागातोर परिसरातील रात्रीच्या संगीताविरुद्धची प्रकरणे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे चालली, त्यामागे हीच भूरचना आहे.

‘ए’ मापनात, म्हणजे कानाच्या संवेदनशीलतेला जुळवलेल्या मोजणीत, ५० हर्ट्झचा सूर सुमारे ३० डेसिबेलने कमी मोजला जातो, त्यामुळे मापक नियमात असल्याचे दाखवत असतानाही वाड्यातल्या घराची तावदाने थरथरू शकतात. भिंतही ५० हर्ट्झच्या बेसला तत्त्वतः ८०० हर्ट्झच्या सुरापेक्षा २४ डेसिबेल कमी अडवते. जांभ्याची जाड भिंत वजनाने चांगली, पण सच्छिद्र. दोन्ही बाजूंनी गिलावा नसेल तर ती आवाज झिरपू देते, आणि कौलारू छप्पर असेल तर भिंतीचा खर्च जवळजवळ वाया जातो. उपाय म्हणजे रबर किंवा स्प्रिंगच्या आधारावर उभी केलेली खोलीतली खोली आणि दोन दारांमधला बोळ. ते शक्य नसेल, तर काही सब मागे तोंड करून, ध्रुवता उलटवून व विलंब देऊन वाजवतात. त्यामुळे मागच्या दिशेचा बेस १० डेसिबेलच्या आसपास घटतो. दक्षिण गोव्यातील पाळोळे येथे रूढ झालेल्या हेडफोन पार्ट्यांनी प्रश्नच दुसऱ्या बाजूने सोडवला, मात्र अंगाला जाणवणारा ठोका त्यात मिळत नाही.

जोडणीत ध्वनीचा वीजपुरवठा दिव्यांच्या डिमरपासून स्वतंत्र ठेवतात व अर्थिंग एकाच बिंदूवर बांधतात, अन्यथा शांत भागात ५० हर्ट्झची घरघर ऐकू येते. अ‍ॅम्प्लिफायरची ताकद सरासरी गरजेपेक्षा किमान चारपट, म्हणजे ६ डेसिबेल, आणि शक्यतो त्याहून जास्त राखतात. शेवटी पिंक नॉइज (सर्व सुरांचा मिश्र चाचणी-आवाज) व मापन मायक्रोफोनने फ्लोअरवरील अनेक बिंदूंवर सूर जुळवतात आणि प्रोसेसरमधील लिमिटर, म्हणजे आवाजाची कमाल पातळी रोखणारी सोय, पासवर्डने कुलूपबंद करतात. डीजेच्या हाती मिक्सर राहतो, मर्यादा राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मानकानुसार आतली १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबेलपेक्षा अधिक नसावी. खाऱ्या हवेने व चार महिन्यांच्या दमटपणाने जोडण्यांवर गंज आणि कागदी शंकूंवर बुरशी चढते, म्हणून पावसाळ्यानंतर हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक ध्वनिक्षेपक स्वतंत्रपणे वाजवून तपासतात आणि मोजणी नव्याने घेतात.