वलगणीच्या वाटेवरचे अडथळे

मृगाचे दोन-चार चांगले दणके झाले, की रायगडातल्या खेड्यांत रात्री बॅटऱ्या घेऊन माणसं ओढ्याकडे निघतात. वलगण लागलेली असते. घाटावर, कोल्हापूरकडे वलगणीच्या माशांनाच चढणीचे मासे म्हणतात. उन्हाळाभर डोहात तग धरलेले मासे गढूळ लोंढ्याच्या उलट्या दिशेनं वर सरकतात: नदीतून ओढ्यात, ओढ्यातून पऱ्यात आणि तिथून पाणी भरलेल्या भातखाचरात. पोटं गाबोळीनं फुगलेली असतात. अंड्यांना उथळ, ताजं, प्राणवायूनं भरलेलं पाणी हवं असतं, आणि पिल्लांना हवे असतात त्याच पाण्यात नुकतेच उपजलेले सूक्ष्म जीव. भरल्या नदीत पिल्लांना गिळणारे मोठे मासे असतात, वाहून नेणारी ओढ असते. खाचरात दोन्हींपासून सुटका.

पुराशी ही गाठ किती पक्की आहे, हे मत्स्यशेतीनं दाखवून दिलं. रोहू, कटला, मृगळ हे मासे तळ्यात उत्तम वाढतात, त्यांची अंडाशयंही तयार होतात, पण साचलेल्या पाण्यात ते अंडी सोडत नाहीत. चढतं पाणी, वाढलेला गढूळपणा, तापमानातली घट या खुणा मिळाल्याशिवाय मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी शेवटचा निरोप धाडतच नाही. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी दुसऱ्या माशांच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचं प्रजनन घडवलं. आजही १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. नदीतल्या माशाला मात्र खरा पूरच लागतो, आणि त्या पुरातून वर जायला मोकळी वाट.

ती वाट कुठे अडते हे बघायला मोठ्या धरणापर्यंत जायची गरज नाही. गावरस्त्याखालची एखादी मोरी पाहा. सिमेंटचा पाइप टाकताना त्याचं खालच्या अंगाचं तोंड ओढ्याच्या तळापासून हात-दीड हात उंच राहतं, आणि दरवर्षी पडणाऱ्या धारेनं खालची माती खरवडून ती उंची आणखी वाढते. बोटभर लांबीचे मासे त्या धारेखाली येऊन थडकतात. उड्या मारतात, परत पडतात. वर दोन शेतांपलीकडे खाचर भरलेलं असतं, पण त्यांच्यासाठी प्रवास इथेच संपतो. शिवाय एका जागी गोळा झाल्यानं ते आयते टोपलीत जातात.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याची गोष्ट थोडी वेगळी. त्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्याआधी काढायचे असतात, आणि ते वेळेवर निघाले तर बरेच मासे पार होऊ शकतात. बरगे पहिल्या पुरानंतर निघाले, तर चढणीचे नेमके दिवस हुकतात. मोठी धरणं तर पहिला पाऊसच पोटात घेतात. खालची नदी जूनमध्ये जवळपास कोरडी राहते आणि पुढे एका रात्रीत दरवाजे उघडल्यावर फुगते. पाणी येतं, पण माशांच्या वेळापत्रकानुसार नाही.

अशा नदीत टिकतं कोण? १९५२ साली भारतात आणलेला तिलापिया, म्हणजे आपल्याकडची चिलापी. मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे तिला ना पूर लागतो, ना गोट्यांचा तळ. साठलेल्या पाण्यात ती वर्षातून अनेकदा पिल्लं काढते. उजनीच्या जलाशयात तिचा पसारा वाढला यात नवल नाही. मरळही तगते, कारण ती पृष्ठभागावर येऊन हवेतला प्राणवायू घेऊ शकते. वीस अंशांच्या लिटरभर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तीस अंशांना साडेसातच. त्यात सांडपाणी आलं, की ते कुजवणारे जिवाणू उरलेलाही संपवतात. महासीरसारखा वाहत्या, स्वच्छ पाण्यातला मासा तिथे जगत नाही. वाळू-गोटे उपसलेल्या तळावर तर त्याच्या अंड्यांना आडोसाही उरत नाही.

जगभर हेच चाललं आहे. पृथ्वीच्या पृष्ठभागाचा एक टक्काही गोड्या पाण्यानं व्यापलेला नाही, तरी माशांच्या ज्ञात जातींपैकी निम्म्या तिथे राहतात. २०२५ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार गोड्या पाण्यातले मासे, चतुर-टाचण्या आणि खेकडे-झिंगे मिळून सुमारे २४ टक्के जाती धोक्यात आहेत.

महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड आहे. तिथले महासीर वरदायिनी देवीचे मानले जातात, त्यांना कुणी धरत नाही. अशा राखलेल्या डोहांचं मोल फार मोठं आहे, उन्हाळ्यात नदीचं बियाणं तिथेच शिल्लक राहतं. पण जूनमध्ये डोहाबाहेरची वाटही तितकीच लागते, आणि तिला अजून कुणी राखणदार नाही. वलगणीच्या रात्री चार घरांनी कालवणापुरते मासे आणणं हे पूर्वीपासून चालत आलं आहे, मला त्याची चिंता वाटत नाही. ओढ्यात ब्लीचिंग पावडर टाकणं, विजेचा झटका देणं, प्रवाहाच्या या काठापासून त्या काठापर्यंत मच्छरदाणी लावणं याची वाटते, कारण यातून पिल्लूसुद्धा सुटत नाही.

निदान मोऱ्यांचं काम ग्रामपंचायतीच्या आवाक्यातलं आहे. नवा पाइप बसवताना त्याचं तोंड ओढ्याच्या तळाच्या थोडं खाली ठेवायचं, म्हणजे आत वाळू-गोटे साचून तळ सलग राहतो. जुन्या मोरीखाली मोठे दगड उतरते रचून दिले, तरी मासे टप्प्याटप्प्यानं वर चढू शकतात. हे काम मे महिन्यात, ओढा कोरडा असताना, उरकायला हवं.