मूठमातीचा प्रश्न: इबोला, अंत्यविधी आणि उशिरा बोलावलेलं मानवशास्त्र

लायबेरियाच्या राजधानीबाहेर, मोनरोव्हियाजवळच्या बॉइज टाउन भागात, एक दहनभूमी आहे. तिथे स्थायिक झालेल्या भारतीय समाजाची. २०१४ च्या ऑगस्टपासून तिथे ट्रक भरभरून लायबेरियन ख्रिश्चनांची आणि मुस्लिमांची प्रेतं येऊ लागली. ज्या देशात प्रेत जाळण्याची रीतच नाही, त्या देशात राजधानीतल्या इबोलाच्या, म्हणजे एका जीवघेण्या विषाणूच्या साथीतल्या, मृतांना जाळायचं, असा सरकारी हुकूम निघाला होता.

मराठी वाचकाला, निदान घरात दहनाची रीत असलेल्याला, यात पटकन काही खटकत नाही. रोग प्रेतातून पसरतो ना, मग जाळलं की प्रश्न मिटला. म्हणूनच या हुकमाची मागची-पुढची हकीकत जरा सविस्तर सांगावी लागते. साथीच्या कामात मानवशास्त्रज्ञ, म्हणजे माणसांच्या रीतीभाती आणि समजुती त्यांच्यात राहून अभ्यासणारे, कशाला हवेत, याचं उत्तर विद्यापीठांच्या माहितीपत्रकांपेक्षा या दहनभूमीपाशी जास्त नीट मिळतं.

इबोलाचा विषाणू १९७६ मध्ये तेव्हाच्या झाईरमधल्या यांबुकूत आणि सुदानमध्ये जवळपास एकाच वेळी आढळला. त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षं उद्रेक आले आणि विझले, पण काय करायचं ते डॉक्टर आणि साथरोगतज्ज्ञच ठरवत. उद्रेक चालू असताना मानवशास्त्रज्ञ गावात जाऊन बसले ते युगांडातल्या गुलू भागात, २०००-०१ मध्ये. ४२५ रुग्ण, २२४ मृत्यू. तिथल्या अचोली लोकांकडे अशा साथीसाठी स्वतःचा शब्द होता, ‘गेमो’. गेमो आला की काय करायचं तेही ठरलेलं होतं. आजाऱ्याला वेगळ्या घरात ठेवायचं, घरावर खूण करायची, आधी बरा झालेल्यानेच शुश्रूषा करायची, गावोगाव फिरायचं नाही, मेलेल्याला वस्तीच्या कडेला पुरायचं. आरोग्य खात्याच्या पत्रकात याहून फारसं वेगळं काही नव्हतं. तरी त्याच वेळी प्रेतं नातेवाइकांच्या नजरेआड धावपट्टीजवळ पुरली जात होती, आणि अवयव काढून विकतात अशी अफवा पसरत होती. अफवा खोटी होती. पण प्रेत कुणी पाहिलंच नव्हतं, ही तक्रार खरी होती.

२००३ मध्ये काँगो प्रजासत्ताकातल्या केले भागात चार शिक्षकांना, त्यांनीच चेटूक करून रोग आणला असा आळ घेऊन, ठार मारण्यात आलं. एवढं होऊनही पुढच्या उद्रेकात मानवशास्त्राला पहिल्या दिवसापासून जागा मिळेल अशी कुणी सोय केली नाही.

मग पश्चिम आफ्रिकेची साथ आली. डिसेंबर २०१३ मध्ये गिनीच्या वनप्रदेशातल्या मेलिआंदू गावात सुरुवात, मार्च २०१४ मध्ये निदान. गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन मिळून २८,६०० च्या वर रुग्ण आणि ११,३०० च्या वर मृत्यू. हे तिन्ही देश कोऱ्या पाटीचे नव्हते. लायबेरिया आणि सिएरा लिओन यादवीतून नुकते सावरत होते. गिनीच्या वनप्रदेशात स्वातंत्र्यानंतरच्या सरकारने ‘अंधश्रद्धा हटाव’ छापाची मोहीम काढून मुखवटे आणि पूजेच्या वस्तू नष्ट केल्या होत्या. पांढऱ्या गाडीतून, अंगभर प्लास्टिक घालून, फवारणी करत आलेली माणसं या आठवणींवर येऊन उभी राहिली. क्लोरीन फवारल्यानेच रोग होतो, असं लोक म्हणू लागले. सप्टेंबर २०१४ मध्ये गिनीतल्या वोमे गावात जनजागृतीसाठी गेलेल्या पथकातल्या आठ जणांची हत्या झाली. अधिकारी अशा गावांना फ्रेंचमध्ये ‘आढेवेढे घेणारी’ म्हणत. आपल्याकडे ‘अडाणी’ म्हणून मोकळे होतात, तसंच.

त्याच गिनीत, त्याच वर्षी, दुसरीही एक गोष्ट घडली. एक गरोदर बाई इबोलाने गेली. तिथल्या किस्सी लोकांत गर्भ पोटात असताना बाईला पुरत नाहीत, तसं केलं तर सृष्टीचं चक्रच बिघडतं अशी समजूत आहे. घरचे म्हणाले, आधी गर्भ काढा. डॉक्टर म्हणाले, ते प्रेत उघडणं म्हणजे मरण. दोघांचंही बरोबर होतं. आरोग्य यंत्रणेने पाठवलेल्या मानवशास्त्रज्ञ बाईने मग ना डॉक्टरांना समजावलं, ना घरच्यांना. तिने गावोगाव विचारत फिरून, अशा अडचणीत करायचा प्रायश्चित्तविधी जाणणारा एक वृद्ध शोधला. विधीचं सामान आरोग्य यंत्रणेच्या खर्चाने आलं, विधी झाला, प्रेत न उघडता दफन झालं. रीत मोडावी लागली तर काय करायचं हेही रीतीतच लिहिलेलं असतं. ते विचारायला कुणीतरी जावं लागतं, इतकंच.

आता पुन्हा मोनरोव्हिया. दहनाचा हुकूम आकाशातून पडला नव्हता, हे सरकारच्या बाजूने सांगायला हवं. इबोलाचा रुग्ण मरतो तेव्हा त्याच्या शरीरात विषाणू सर्वाधिक असतो, आणि प्रेताला आंघोळ घालणं, कवटाळणं, यातून तो थेट पसरतो. ऑगस्टच्या सुरुवातीला प्रेतं रस्त्यांवर, घरांत पडून होती. जॉन्सनव्हिल भागात दलदलीच्या जमिनीत घाईने पुरायचा प्रयत्न झाला, तर खड्ड्यांत पाणी भरलं आणि तिथल्या रहिवाशांनी विरोध केला. जागा नाही, माणसं नाहीत, वेळ नाही. दहनभूमी मात्र तयार होती.

हिशेबात धरली गेली नाही ती थडग्याची किंमत. लायबेरियात मार्च महिन्याचा दुसरा बुधवार ही राष्ट्रीय सुट्टी असते. त्या दिवशी लोक कबरींवरचं गवत काढतात, रंग देतात, फुलं वाहतात. आपल्या सर्वपित्रीची आठवण यावी असा दिवस, पण त्याला जागा लागते, आणि जागाच नसेल तर मेलेला माणूस घरातला उरत नाही. त्यामुळे उपचार केंद्रात जाणं याचा अर्थ लोकांनी असा लावला की मेलो तर राख होणार, आणि ती राखही कुणाची ते कळणार नाही. आजारी माणसं घरात लपवली जाऊ लागली. रात्री गुपचूप दफनं झाली. मृत्यूचं कारण दुसरं लिहून मिळावं म्हणून पैसे चारल्याच्या बातम्या आल्या. पुढे ऑक्टोबरमध्ये राजधानीतल्या उपचार केंद्रांत खाटा रिकाम्या राहू लागल्या, तेव्हा दहनाची धास्ती हे त्याचं एक कारण असल्याचं अधिकाऱ्यांनीच बोलून दाखवलं. साथ रोखायला काढलेला हुकूम रुग्णांना दवाखान्यापासून दूर ठेवत होता. डिसेंबरच्या अखेरीला डिस्को हिल इथे दफनभूमीची जागा मिळाली आणि दहन थांबलं. मार्च २०१५ मध्ये बॉइज टाउनमधली राखही डिस्को हिलला हलवण्यात आली. कुणाची कोणती, हे सांगता येण्यासारखं उरलं नव्हतं.

दरम्यान नोव्हेंबर २०१४ मध्ये जिनिव्हाहून, जागतिक आरोग्य संघटनेकडून, नवी नियमावली आली. तिच्या नावातच ‘सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफन’ असं होतं. बारा पायऱ्या. कुटुंबाची संमती मिळेपर्यंत दफन सुरू करायचं नाही. मुस्लिम मृतासाठी पाण्याऐवजी कोरडं शुद्धीकरण चालेल. पांढरं कफन किंवा पांढरी प्रेतपिशवी. कबरीवर नाव. मानवशास्त्रज्ञांनी आणि धर्मगुरूंनी तोवर महिनोन्‌महिने जे सांगितलं होतं त्यातलं बरंच त्यात आलं. किमान २० टक्के लागण दफनाच्या वेळी होते, असं तेव्हा सांगण्यात आलं. गिनीत आधी ६० टक्क्यांचा अंदाज दिला गेला होता. आकड्यांत एवढी तफावत असताना, वर्तमानपत्रांनी मात्र ‘जुनाट अंत्यविधींमुळे साथ’ हाच मथळा चालवला. हातमोजे नव्हते, रुग्णवाहिका नव्हत्या, हे मथळ्यात मावलं नाही.

त्या नावातल्या ‘सन्मान’ या शब्दावर मात्र पुरेशी चर्चा झाली नाही, असं मला वाटतं. दफनपथकाच्या लेखी सन्मान म्हणजे प्रेत हळू उचलणं, दोन मिनिटं प्रार्थनेला थांबणं, कबरीवर पाटी लावणं. सिएरा लिओनच्या मेंडे खेड्यांत या शब्दाखाली भलतंच काही येतं. लग्नातलं देणं नवऱ्याकडून पुरं झालेलं नसेल तर बायकोला नेमकं कुठे पुरायचं, हे दोन्ही घरच्यांनी बसून सोडवायचं असतं. दफन म्हणजे नात्यांचा हिशेब पुरा करणं. बाईचं प्रेत बायकांनीच तयार करायचं, ‘सांदे’ या स्त्रियांच्या मंडळाचा त्यावर अधिकार. तिथे अनोळखी तरुण पुरुषांचं पथक येऊन आईला पिशवीत घालून नेतं, तेव्हा पाटीवर नाव बरोबर लिहिलं म्हणून अपमान कमी होत नाही. नंतर पथकांत बायका घेतल्या गेल्या. देण्याघेण्याचा प्रश्न नियमावलीत शिरला नाही, शिरणं शक्यही नव्हतं. तो गावाच्या प्रमुखांनी आणि घरच्यांनी सोडवला. साथ आटोक्यात आली त्यात या गावपातळीवरच्या तडजोडींचा वाटा मोठा होता, असं तिथे काम केलेले अभ्यासक म्हणतात. मला ते पटतं.

मानवशास्त्रज्ञही संत नव्हते. आपल्याला आग विझवायला बोलावतात, आग का लागली ते विचारायला नाही, ही त्यांचीच तक्रार. गावाला ‘हो’ म्हणायला लावणं एवढंच काम उरलं, तर वसाहतकाळात साहेबासाठी जमातींच्या नोंदी करणाऱ्यांपेक्षा आपण वेगळे कसे, असंही त्यांच्यातल्या काहींनी विचारलं. मराठीत या विद्येला अजून कुणी ‘मानववंशशास्त्र’ म्हणतात. त्यातला ‘वंश’ त्याच काळाची, कवट्या मोजण्याच्या दिवसांची खूण आहे.

२०१८ ते २०२० च्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातल्या (पूर्वीच्या झाईरमधल्या) साथीत सामाजिक अभ्यासाचा स्वतंत्र कक्ष होता, लसही होती, तरी २,२०० हून अधिक माणसं गेली. तिथली कथा युद्धाची आणि निवडणुकीची आहे. इबोलाचं कारण देऊन काही शहरांतलं मतदान पुढे ढकलल्यावर लोकांचा राग थेट उपचार केंद्रांवर निघाला. तो पल्ला इथे मावणारा नाही.

घराजवळचा संदर्भ मात्र टाळता येत नाही. रँडच्या प्लेगची आठवण मराठी वाचकाला वेगळी करून द्यायला नको, म्हणून २०२० वरच येतो. त्या वर्षी २४ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलं होतं की साथीने मेलेल्यांना जाळलंच पाहिजे हा गैरसमज आहे. ती रीतीची आणि उपलब्ध साधनांची बाब आहे. सहा दिवसांनी, ३० मार्चला, मुंबईत परिपत्रक निघालं की कोविडच्या सर्व मृतांचं, धर्म कोणताही असो, दहनच करायचं. ओरड झाली आणि ते त्याच दिवशी मागे घेतलं गेलं. पुढे वांद्र्यातल्या काही रहिवाशांनी दफनांना हरकत घेतली. ती मे महिन्यात उच्च न्यायालयाने फेटाळली, आणि सन्मानाने अंत्यसंस्कार होणं हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं नमूद केलं.

श्रीलंकेत तसं झालं नाही. तिथे २०२० च्या वसंतात लागू झालेली दहनसक्ती फेब्रुवारी २०२१ पर्यंत टिकली. डिसेंबरमध्ये वीस दिवसांच्या एका मुस्लिम बाळाला आईबापांच्या संमतीशिवाय जाळण्यात आलं. लोकांनी कोलंबोतल्या त्या दहनभूमीच्या फाटकाला कफनाच्या पांढऱ्या चिंध्या बांधल्या. रातोरात त्या काढून टाकल्या गेल्या. सरकारने अधिकृत माफी मागितली ती जुलै २०२४ मध्ये.