पॅरिस ऑलिंपिक १९०० : पुरुषांच्या कमी पल्ल्याच्या धावशर्यती

पॅरिस येथे १४ ते २२ जुलै १९०० या काळात झालेल्या मैदानी स्पर्धांतील ६०, १००, २०० आणि ४०० मीटर धावण्याच्या शर्यती. आधुनिक ऑलिंपिकची ही दुसरी खेप. १८९६ साली अथेन्सला सपाट मैदानावरच्या वेगाच्या शर्यती दोनच होत्या, १०० आणि ४०० मीटर, आणि दोन्ही अमेरिकेच्या टॉमस बर्कने जिंकल्या होत्या. ६० आणि २०० मीटरची भर पॅरिसला पडली. इथेही चारही शर्यतींत पहिला आला तो अमेरिकनच. तरीही भारतात या स्पर्धेचे नाव आजवर निघत राहिले ते २०० मीटरमुळे, कारण तीत कलकत्त्याचा नॉर्मन प्रिचर्ड दुसरा आला.

पार्श्वभूमी

१९०० साली पॅरिसमध्ये मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते आणि ऑलिंपिक त्याच्याच पदराला बांधले गेले. ऑलिंपिकच्या पुनरुज्जीवनाचे श्रेय ज्यांना दिले जाते त्या प्येर द कूबेर्तँ यांच्या हातून सूत्रे प्रदर्शनाच्या अधिकाऱ्यांकडे गेली. खेळांचा कार्यक्रम १४ मे ते २८ ऑक्टोबर असा साडेपाच महिने रेंगाळला. अधिकृत कागदांवर ‘ऑलिंपिक’ हा शब्दही ठळकपणे नव्हता. शारीरिक व्यायाम आणि खेळांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा, असे तिथे म्हटले होते. आपण ऑलिंपिकमध्ये धावलो हे कित्येक स्पर्धकांना पुढे बऱ्याच काळाने कळले. याच मैदानी स्पर्धांच्या जोडीने हँडिकॅप शर्यती, म्हणजे कमी वेगाच्या धावपटूंना आघाडी देऊन घेतलेल्या शर्यती, आणि पैशासाठी धावणाऱ्या व्यावसायिकांच्या शर्यतीही झाल्या. त्यांतल्या कोणत्या ऑलिंपिकमध्ये धरायच्या आणि कोणत्या नाही, हे इतिहासकारांनी मागाहून ठरवले. आज जो नीटनेटका निकालतक्ता दिसतो तो असा नंतर बसवलेला आहे, आणि या नोंदीतल्या बऱ्याच गोष्टी त्यामुळेच समजून घ्याव्या लागतात.

स्त्रियांसाठी मैदानी शर्यती ऑलिंपिकमध्ये १९२८ सालापर्यंत नव्हत्या. पॅरिसला टेनिस आणि गोल्फमध्ये मात्र स्त्रिया खेळल्या.

मैदान, घड्याळ आणि सुरुवात

शर्यती झाल्या त्या ब्वा द बूलोन्य या विस्तीर्ण उपवनातल्या क्र्वा-कातलाँ मैदानावर. ते रेसिंग क्लब द फ्रान्स या संस्थेचे. १८८२ साली शाळकरी पोरांनी काढलेल्या या क्लबचे सुरुवातीचे धावपटू घोड्यांच्या शर्यतींची हौसेने नक्कल करत, अगदी जॉकीच्या टोप्या घालून धावत. १९०० पर्यंत क्लब प्रतिष्ठित झाला होता, पण मैदान बागेसारखेच राहिले. धावमार्ग होता गवताचा, ५०० मीटर घेराचा आणि उंचसखल. झाडे तोडायला क्लब राजी नव्हता, त्यामुळे थाळीफेकीच्या थाळ्या झाडांत जात. अमेरिकन खेळाडूंना घरी दाबून सपाट केलेल्या सिंडरच्या, म्हणजे कोळशाच्या राखेच्या खडीच्या, मार्गाची सवय होती. त्यांनी नाके मुरडली, यात नवल नाही.

वेळ हातात धरलेल्या घड्याळावर घेतली जाई आणि ती सेकंदाच्या पाचव्या हिश्शापर्यंत. म्हणून विजेत्यांचे आकडे ७.०, २२.२, ४९.४ असे सम दशांशांचे दिसतात. जुन्या तक्त्यांत दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकापुढे ११.१ किंवा २२.९ असा आकडा आला, की तो घड्याळाचा नसून अंतरावरून काढलेला अंदाज आहे असे समजावे. या शर्यतींच्या वेळांची आजच्या वेळांशी तुलना करण्याची हौस अनेकांना असते. गवत, उतार आणि घड्याळ लक्षात घेतले तर तिच्यात फारसा अर्थ उरत नाही.

सुरुवातीला पायाला आधार देणारे ब्लॉक तेव्हा नव्हते. १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ते आलेच नाहीत. धावपटू जमिनीत चवड्यापुरता खड्डा खणून त्यात पाय रोवत. हात जमिनीला टेकवून, वाकून सुरुवात करण्याची पद्धत अमेरिकन कॉलेजांत रुळली होती. अथेन्सला बर्कने ती वापरली तेव्हा प्रेक्षकांना ते विचित्र वाटले होते. पॅरिसच्या अमेरिकन चमूत ती नेहमीची झाली होती.

रविवारचा वाद

मैदानी स्पर्धा रविवारी, १५ जुलैला सुरू व्हायच्या होत्या. रविवार हा प्रार्थनेचा दिवस, त्या दिवशी खेळायचे नाही, असा बऱ्याच अमेरिकन विद्यापीठांचा दंडक. त्यांनी तक्रार केल्यावर सुरुवात शनिवारवर आणली गेली. पण तो १४ जुलै म्हणजे फ्रान्सचा राष्ट्रीय दिन, सगळे शहर संचलने पाहायला गेलेले. त्यामुळे मैदानावर प्रेक्षक थोडे, आणि त्यांतही अमेरिकन पर्यटकच बरेच. त्यांच्या कॉलेजी आरोळ्या ऐकून फ्रेंच मंडळी चकित होत. एवढे करूनही काही अंतिम फेऱ्या रविवारी ठेवल्याच गेल्या. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने धावायचे की नाही हे ज्याचे त्याच्यावर सोडले. इतर काहींनी मनाई केली. याचा सर्वांत मोठा फटका ४०० मीटरला बसला.

शर्यती

१०० मीटरच्या सगळ्या फेऱ्या १४ जुलैलाच उरकल्या. नऊ देशांचे वीस धावपटू होते. सगळ्यांची नजर जॉर्जटाउन विद्यापीठाच्या आर्थर डफीवर होती, कारण आठवडाभरापूर्वीच त्याने लंडनला ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धेत १०० यार्ड जिंकले होते. प्रिन्स्टनच्या फ्रँक जार्व्हिसने प्राथमिक फेरीत आणि पेनसिल्व्हेनियाच्या वॉल्टर ट्यूक्सबरीने उपांत्य फेरीत १०.८ सेकंदांची वेळ दिली. ही त्या काळच्या जागतिक उच्चांकाच्या तोडीची होती. उपांत्य फेऱ्या तीन. प्रत्येकीतला पहिला थेट अंतिम फेरीत, आणि हरलेल्यांसाठी आणखी एक फेरी, तिच्यातून एकच जण पुढे. ही संधी ऑस्ट्रेलियाच्या स्टॅन्ली राउलीने साधली. प्राथमिक फेरी जिंकलेला प्रिचर्ड याच टप्प्यावर बाद झाला.

अंतिम फेरीत चौघे उभे राहिले. डफी पुढे निघाला, आणि जवळपास अर्ध्या वाटेवर पायाची शीर भरून तो खाली कोसळला. जार्व्हिसने ११.० सेकंदांत शर्यत घेतली, ट्यूक्सबरी दुसरा, राउली तिसरा. डफीचे नशीब एकूणच वाईट. १९०२ साली त्याने १०० यार्ड ९.६ सेकंदांत पळून दाखवले, पण हौशी खेळाडू असताना पैसे घेतल्याची कबुली त्याने पुढे दिली आणि त्याचे विक्रम पुस्तकांतून पुसले गेले.

६० मीटरची शर्यत दुसऱ्या दिवशी झाली. पेनसिल्व्हेनियाच्या ऑल्विन क्रेन्झ्लाइनने ती ७.० सेकंदांत जिंकली. ट्यूक्सबरी पुन्हा दुसरा, राउली पुन्हा तिसरा. हे अंतर १९०४ च्या सेंट लुइस ऑलिंपिकनंतर कायमचे वगळले गेले. क्रेन्झ्लाइनचे खरे नाव झाले ते अडथळ्यांच्या शर्यतींमुळे. पुढचा पाय सरळ ताणून अडथळा ओलांडायची त्याची पद्धत इतरांनी उचलली. ११० मीटर अडथळा, ६० मीटर, लांब उडी आणि २०० मीटर अडथळा या चार स्पर्धा त्याने तीन दिवसांत जिंकल्या.

४०० मीटरच्या अंतिम फेरीत सहा जण पोचले होते. ती रविवारी आली. बोर्डमन, ली आणि मोलोनी या तिघा अमेरिकनांनी धावायला नकार दिला, आणि उरले तिघेच. कोलंबिया विद्यापीठाचा मॅक्सी लाँग ४९.४ सेकंदांत पहिला, जॉर्जटाउनचा विल्यम हॉलंड अगदी लगत दुसरा, आणि डेन्मार्कचा एर्न्स्ट शुल्ट्झ बराच मागे तिसरा. म्हणजे जो धावला त्याला पदक नक्की. गंमत अशी की लाँगच्या अंगावर कोलंबियाचा फिका निळा आणि पांढरा गणवेश होता. तो रेसिंग क्लबच्या रंगांशी जुळत होता, त्यामुळे फ्रेंच प्रेक्षकांनी आपलाच माणूस असल्यागत त्याला उचलून धरले. त्याच वर्षी शरदात लाँगने अमेरिकेत ४४० यार्ड ४७.८ सेकंदांत पळून विक्रम केला.

२०० मीटर शर्यतीला अख्खा आठवडा थांबावे लागले. ती २२ जुलैला, शेवटच्या दिवशी झाली आणि तिला आठच धावपटू होते. ट्यूक्सबरी २२.२ सेकंदांत पहिला, प्रिचर्ड २२.८ मध्ये दुसरा, राउली किंचित मागे तिसरा, हॉलंड चौथा. ट्यूक्सबरीचा हा आठवडा वेगळा सांगण्याजोगा आहे. शनिवारी १०० मीटरच्या तीन फेऱ्या. रविवारी ४०० मीटर अडथळ्यांचे सुवर्ण, तेही तारेच्या खांबांसारखे लांबलचक ओंडके आडवे टाकून केलेल्या अडथळ्यांवरून आणि शेवटी पाण्यावरून उडी घेऊन. त्याच दिवशी ६० मीटरही. सोमवारी २०० मीटर अडथळ्यांत तिसरा. आणि मग ही शर्यत. पाच पदके घेऊन घरी गेलेला हा माणूस पुढे दंतवैद्य झाला.

प्रिचर्ड आणि ‘देश’ नावाचा रकाना

नॉर्मन गिल्बर्ट प्रिचर्डचा जन्म १८७५ च्या सुमारास कलकत्त्यात एका इंग्रज कुटुंबात झाला. तो तिथल्याच सेंट झेवियर्स कॉलेजात शिकला. १८९४ ते १९०० अशी सलग सात वर्षे त्याने बंगालचे १०० यार्डांचे अजिंक्यपद राखले. फुटबॉलमध्येही तो चमकला. १८९७ साली शोभाबाजार क्लबविरुद्ध त्याने मारलेली हॅट्ट्रिक भारतातल्या खुल्या स्पर्धेतली पहिली मानतात. १९०० साली तो इंग्लंडला गेला असताना लंडनच्या अजिंक्यपद स्पर्धेत १२० यार्ड अडथळ्यांत क्रेन्झ्लाइनच्या मागे दुसरा आला आणि तिथून पॅरिसला गेला. तिथे त्याने पाच शर्यतींत नाव घातले. २०० मीटर अडथळ्यांतही तो २६.६ सेकंदांत दुसरा होता. क्रेन्झ्लाइनने ती शर्यत २५.४ मध्ये घेतली होती.

ही दोन रौप्यपदके कोणाची? आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती ती भारताच्या नावावर धरते. अ‍ॅथलेटिक्सच्या जागतिक संघटनेने २००४ च्या ऑलिंपिकनंतर काढलेल्या आकडेवारीत मात्र तो ब्रिटनचा दाखवला आहे. ब्रिटनच्या बाजूने सांगतात, की तो जन्माने ब्रिटिश प्रजाजन, लंडनच्या क्लबचा सभासद आणि लंडनच्या स्पर्धेवरून पुढे गेलेला. भारताच्या बाजूने सांगतात, की तो कलकत्त्यात जन्मला, वाढला आणि तिथेच धावपटू म्हणून घडला. दोन्ही बाजूंचा मुद्दा खरा आहे. पण वाद सुटत नाही याचे कारण वेगळे आहे. १९०० साली राष्ट्रीय संघ पाठवण्याची पद्धतच नव्हती. माणूस स्वतः किंवा आपल्या क्लबमार्फत, कॉलेजमार्फत नाव नोंदवी. अमेरिकन म्हणून आज एका रांगेत दिसणारे प्रिन्स्टन, पेनसिल्व्हेनिया, कोलंबिया, जॉर्जटाउनचे धावपटू तिथे एकमेकांचे प्रतिस्पर्धी म्हणून आले होते. भारताला तर तेव्हा ऑलिंपिक समितीही नव्हती.

राउलीचे उदाहरण याहून बोलके. तो सिडनीकडचा, न्यू साउथ वेल्सचा. ऑस्ट्रेलिया हे संघराज्यच १ जानेवारी १९०१ रोजी अस्तित्वात आले, तरी त्याची तीन कांस्यपदके ऑस्ट्रेलियाच्या खात्यात आहेत. शिवाय ५००० मीटरच्या सांघिक शर्यतीत ब्रिटिशांना एक माणूस कमी पडत होता म्हणून या वेगाच्या धावपटूला संघात घेतले गेले. तो काही वेळ पळाला, मग चालू लागला, आणि त्याला शर्यत पुरी न करताच शेवटचा, म्हणजे दहावा क्रमांक देण्यात आला. संघ जिंकला. त्यामुळे राउलीच्या नावावर एक सुवर्णही आहे, ‘मिश्र संघ’ या सदरात.

नंतर

प्रिचर्ड १९०० ते १९०२ या काळात भारतीय फुटबॉल संघटनेचा सचिव होता. पुढे तो इंग्लंडला गेला, रंगभूमीवर आला आणि तिथून अमेरिकेत पोचून नॉर्मन ट्रेव्हर या नावाने मूकपटांत काम करू लागला. १९२९ साली कॅलिफोर्नियात तो वारला.

ऑलिंपिकमध्ये भारताचा संघ म्हणून खेळाडू उतरले ते थेट १९२० साली, अँटवर्पला. त्यामागे दोराबजी टाटा आणि पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचा पुढाकार होता. त्या संघातला बंगालचा पूर्मा बॅनर्जी १०० आणि ४०० मीटर धावला. गोळेश्वरच्या खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले. त्यांच्याबद्दल लिहिताना ‘स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक’ असे जपून म्हणावे लागते ते प्रिचर्डमुळेच. मैदानी खेळांत पुढचे भारतीय पदक यायला टोकियोतले नीरज चोप्राचे २०२१ मधील भालाफेकीचे सुवर्ण उजाडावे लागले. धावण्यात १९६० साली रोमला मिल्खासिंग ४०० मीटरमध्ये आणि १९८४ साली लॉस एंजलिसला पी. टी. उषा ४०० मीटर अडथळ्यांत चौथ्या क्रमांकावर राहिले. एकाच ऑलिंपिकमध्ये दोन पदके मिळवण्याची प्रिचर्डची बरोबरी २०२४ साली नेमबाज मनू भाकरने केली, आणि तीही पॅरिसमध्येच.