शेपूट हवं की नको: मॉडेल ग्लायडरमधल्या जुन्या वादाची पार्श्वभूमी

संक्रांतीत पतंग गोते खायला लागला की नागपूरची पोरं त्याला चिंधीचं शेपूट लावतात. पतंग शांत होतो, पण पेच लढवायच्या कामाचा राहत नाही. रेडिओ कंट्रोल ग्लायडरला, म्हणजे जमिनीवरून रेडिओने चालवायच्या बिनइंजिनाच्या छोट्या विमानाला, शेपूट असावं की नुसता पंखच, म्हणजे फ्लाइंग विंग, उडवावा, हा वादही याच व्यवहाराचा आहे. स्थिरता हवी, तर तिची किंमत कुठे मोजायची?

शेपटीची बाजू आधी सिद्ध झाली. इंग्लंडच्या जॉर्ज केली यांनी 1804 मध्ये एका काठीवर पतंगासारखा पंख आणि मागे कोन बदलता येणारी शेपटी बसवून छोटं ग्लायडर उडवलं. 1871 मध्ये पॅरिसच्या तुइलरी बागेत आल्फाँस पेनो यांचं रबराच्या पिळावर चालणारं मॉडेल 11 सेकंद, सुमारे 40 मीटर, आपलं आपण उडालं. पंखापेक्षा किंचित कमी कोनात बसवलेली आडवी शेपटी झुकलेलं नाक पुन्हा वर आणते, हे त्यातून दिसलं.

दुसऱ्या बाजूची सुरुवात एका बीपासून. जावा बेटावरच्या एका वेलीचं बी कागदासारख्या पातळ, रुंद पंखाचं असतं आणि वेलीवरून सुटलं की तरंगत दूर जातं. ऑस्ट्रियाच्या इगो एट्रिख यांनी त्याच आकाराचं, माणूस नेणारं ग्लायडर 1906 च्या सुमारास उडवलं. पण 1910 च्या ‘टाउबे’ विमानाला त्यांनी शेवटी शेपटी जोडलीच. या सगळ्या इतिहासात मला ही गोष्ट सर्वांत बोलकी वाटते. जर्मनीचे हॉर्टेन बंधू मात्र हटले नाहीत. 1933 पासून त्यांनी एकामागून एक बिनशेपटीची ग्लायडरं बांधली: मागे वळलेला पंख आणि टोकांकडे पंखाचा कोन कमी करत नेणारा पीळ. फ्रान्सच्या शार्ल फोव्हेल यांनी 1951 मध्ये सरळ पंखाचं एव्ही-36 उडवलं. त्यात पंखाच्या छेदाची मागची कड किंचित वर वळवलेली होती.

किंमत मोजावी लागते ती इथेच. शेपटीला लांब दांड्याचा फायदा मिळतो, त्यामुळे लहानसा पृष्ठभागही पुरतो. नुसत्या पंखाला नाक वर ठेवायचं तर स्वतःचीच मागची कड उचलावी लागते, आणि ती वर वळवली की पंखाची उचल, म्हणजे विमानाला हवेत तोलणारं बल, घटते. थर्मलमध्ये, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेत, हळू, घट्ट घिरट्या घालताना उचल सर्वांत जास्त हवी असते, नेमकी तेव्हाच ती कमी पडते. उचल वाढवायला फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या हलत्या पट्ट्या, खाली करावेत तर नाक खाली जातं. सीजीचं, म्हणजे गुरुत्वमध्याचंही तसंच: लहान फोमच्या विंगमध्ये तो तीन-चार मिलिमीटर मागे सरकला तरी विमान हातात राहत नाही.

मॉडेलमध्ये आणखी एक अडचण होती. विंगच्या मागच्या दोन पट्ट्यांनी, म्हणजे एलेव्हॉननी, वर-खाली आणि डावं-उजवं ही दोन्ही कामं करायची. जुन्या साध्या ट्रान्समीटरमध्ये मिक्सिंग, म्हणजे दोन्ही हुकूम एकत्र करायची सोय, नव्हतं. म्हणून एक सर्व्हो, म्हणजे पट्ट्या हलवणारी छोटी मोटर, सरकत्या पाटीवर बसवायचा आणि दुसऱ्या सर्व्होने ती पाटी पुढे-मागे ढकलायची. त्यात जराशी ढिलाई आली की विमान डोलायचं. कॉम्प्युटर रेडिओ आले आणि हे काम एका बटणावर आलं. त्याच सुमारास, 1990 च्या दशकात, कॅलिफोर्नियाच्या उतारांवर ‘झागी’सारख्या चिवट फोमच्या विंग लोकप्रिय झाल्या. आपटा, उचला, पुन्हा फेका. जिथे वारा डोंगरावर आपटून सतत वर चढतो, तिथे उचल थोडी कमी असली तरी चालते, मोडतोड न होणं जास्त मोलाचं.

नागपूरला असा उतार नाही. सेमिनरी हिल्स ठेंगणी आणि भर वस्तीत. सोनेगावचा विमानतळ असल्याने शहराजवळ उडवण्यावर बंधनं, म्हणून उडवायचं ते लांबच्या मोकळ्या वावरात. तिथे भरवसा फक्त थर्मलचा. एप्रिल-मेमध्ये नांगरलेली काळी जमीन तापते, वावटळी उठतात, घारी पंख न हलवता गोल फिरत वर जातात. रबर आणि दोरीच्या हाय-स्टार्टने ग्लायडर वर न्यायचं आणि घार दिसली की तिच्याखाली घुसायचं. या कामात शेपटीवालाच सरस, असं माझं स्पष्ट मत आहे.

हाताने फेकायच्या ग्लायडरच्या एफ3के स्पर्धेत पंखाची लांबी कमाल दीड मीटर ठरलेली असते. तिथे उडवणारे ग्रॅम-ग्रॅम वजन वाचवतात, तरी कार्बनच्या बारीक नळीच्या टोकाला शेपटी ठेवतातच.