जेंडर बजेट म्हणजे बायकांसाठी वेगळी तिजोरी नव्हे

ठाण्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर फेब्रुवारीत तोच मेसेज फिरतो: 'जेंडर बजेट म्हणजे बायकांसाठी वेगळा काढलेला पैसा, बाकीच्यांचा वाटा कापून.' हे साफ चूक आहे.

केंद्र सरकार 2005-06 पासून अर्थसंकल्पासोबत एक विवरणपत्र देतं, त्यालाच जेंडर बजेट म्हणतात. त्याच्या 'अ' भागात पूर्णपणे महिलांसाठीच्या योजना, तर 'ब' भागात किमान 30 टक्के तरतूद महिलांसाठी असलेल्या योजना असतात. पैसा त्या-त्या खात्याचाच. इथे फक्त तो कोणापर्यंत पोचतो, हे मांडलेलं असतं.

आणि खरा प्रश्न तोच आहे. वागळे इस्टेटमधली एखादी बाई सकाळी मुलाला शाळेत सोडते, मग कामावर जाते, येताना भाजी घेऊन परतते. तीन छोटे प्रवास, बसची तीन तिकिटं. थेट स्टेशन गाठणाऱ्याचं एकच. बसमार्ग, भाडं, कोपऱ्यावरचा बंद दिवा, स्वच्छतागृहाची वेळ ठरवताना तिचा दिवस डोळ्यासमोर ठेवणं, हे जेंडर बजेटिंग. दिवा लागला की त्या उजेडात पुरुषही चालतात. कोणाचा वाटा कापला गेला?

उलट माझी तक्रार वेगळी आहे: विवरणपत्रात आकडा दिसला म्हणजे काम झालं, असं आपण धरून चालतो. तरतूद किती, हे वाचतो. खर्च किती झाला, हे विचारतच नाही.