मस्टर एक, खुर्ची वेगळी

वाशीत कोणी ‘मी अ‍ॅग्नेलला आहे’ म्हणालं, की ‘शिकवता की ऑफिसात?’ एवढंच विचारतात. १९९४ साली सुरू झालेलं तिथलं इंजिनीअरिंग कॉलेज फादर लोकांचं, मस्टरवर सह्या मात्र सगळ्या धर्मांच्या.

हे सगळीकडे गृहीत नव्हतं. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या १९२०च्या कायद्यात विद्यापीठाच्या ‘कोर्टा’चे, म्हणजे सर्वोच्च मंडळाचे, सदस्य मुस्लिमच असावेत अशी अट होती, ती १९५१ मध्ये गेली. कॅथलिक विद्यापीठांसाठी पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९० मध्ये नियम घातला, की बिगरकॅथलिक अध्यापक बहुसंख्य होऊ नयेत. नवी मुंबईत हा नियम अक्षरशः पाळायचा, तर वर्ग रिकामेच राहतील.

मस्टरवर सही झाली, तरी परधर्मीय कर्मचाऱ्याला संस्था आपली वाटते का, हा प्रश्न उरतोच. अशा आपलेपणाचा अभ्यास करणारे १९७४ पासून सुरुवात करतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सेमूर सॅरसन यांनी ही कल्पना त्या वर्षी मांडली. १९८६ मध्ये मॅकमिलन आणि चॅव्हिस यांनी तिचे चार घटक सांगितले: आपण इथले आहोत ही भावना, शब्दाला वजन, गरजा भागणं आणि सुखदुःखाची सोबत. सोबत आपल्याकडे डब्यातून आणि गणपतीच्या प्रसादातून आपसूक जमते, नाताळच्या केकातूनही. अडतं ते वजनापाशी.

त्याचं मूळ राज्यघटनेच्या कलम ३० मध्ये, म्हणजे अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढून चालवण्याच्या हक्कात, आहे. योगायोगाने १९७४ मध्येच सर्वोच्च न्यायालयात अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजचा निकाल लागला. कर्मचाऱ्याला काढण्याआधी कुलगुरूंची मंजुरी घ्या, ही गुजरातच्या कायद्यातली अट अल्पसंख्याक संस्थांना लागू नाही, असं नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ठरवलं. संस्थेची स्वायत्तता राखली गेली, नोकरदाराच्या हातून मात्र एक ढाल गेली.

महाराष्ट्राचा खासगी शाळा कर्मचाऱ्यांचा १९७७चा कायदा यातून मधली वाट काढतो. अल्पसंख्याक शाळेचे मुख्याध्यापक आणि संस्थेने नावं कळवलेले जास्तीत जास्त तिघे, यांच्या भरतीला तो लागू नाही. बाकी स्टाफला, शिपायापासून पर्यवेक्षकापर्यंत, त्याचं संरक्षण आहे. ठाण्या-वाशीच्या स्टाफरूममध्ये ज्येष्ठता यादीवर वाद झाला, की हे कलम कोणीतरी काढतंच.

कॉलेजांचा प्रश्न २००६ मध्ये मिटला. केरळच्या एका सीरियन कॅथलिक कॉलेजच्या खटल्यात न्यायालयाने सांगितलं, की सरकारी अनुदान घेतलं तरी, विहित पात्रता सांभाळून, प्राचार्य निवडायचा हक्क संस्थेचाच. तीस वर्षं सेवा केलेल्या ज्येष्ठ प्राध्यापकाला त्या खुर्चीवर हक्क सांगता येत नाही.