घरातले दोन कॉम्प्युटर एकमेकांना ओळखेनासे का झाले

बऱ्याच घरांत अजून विंडोज एक्सपीचा एखादा जुना डबा असतो. कुणाच्या त्यात बारशाचे फोटो, कुणाची टॅलीतली जुनी वर्षं, कुणाच्या जुन्या मराठी फॉन्टातल्या पेजमेकरच्या फायली, ज्या आजच्या मशीनवर उघडतच नाहीत. शेजारी नवा लॅपटॉप. दोन्ही एकाच राउटरवर, पिंग केलं, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक मारली, तर उत्तरही येतं. पण फोल्डर उघडायला गेलं की ‘नेटवर्क पाथ सापडला नाही’. मग केबल बदलून होते, राउटर चार वेळा बंद-चालू करून होतो. बिचाऱ्या केबलचा यात काही दोष नसतो. फायली मागायच्या-द्यायच्या कशा हे जेव्हा ठरलं, तेव्हा एका तारेवर असेल तो आपलाच, असं धरून चालले होते. पुढची चाळीस वर्षं तो विश्वास थोडा थोडा काढून घेण्यात गेली.

१९८३-८४ च्या सुमारास आयबीएममध्ये बॅरी फाइगेनबॉम यांनी एसएमबी नावाचा प्रोटोकॉल, म्हणजे मशीननी एकमेकांशी बोलायचे नियम, लिहिला. डॉसचा प्रोग्रॅम फाइल उघडायची विनंती आपल्याच डिस्ककडे करतो. ती मधल्यामध्ये पकडून तारेवरून दुसऱ्या मशीनकडे पाठवायची, एवढीच मूळ कल्पना. प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही की फाइल शेजारच्या टेबलावर आहे. मशीनची नावं ठरवायला खाली नेटबायॉस होतं आणि त्याची रीत मजेशीर होती. मशीन चालू झालं की तारेवर ओरडून विचारायचं, ‘माझं नाव अमुक, कुणाची हरकत?’ कुणी बोललं नाही की नाव त्याचं. ओळखपत्र वगैरे काही नाही. नाव मात्र पंधरा अक्षरांत बसवायचं.

हे सगळं वाहून न्यायला १९८५ पासून नेटब्युई होतं. त्याला आयपी पत्ता लागत नसे, काही सेटिंग करावं लागत नसे. त्याची मोठी उणीव म्हणजे ते राउटर ओलांडू शकत नसे. गंमत अशी, की घरासाठी तीच सगळ्यात मोठी सुरक्षा होती. घरातलं घरात राहायचं.

१९९२ च्या ऑक्टोबरात विंडोज फॉर वर्कग्रुप्स आलं, मग विंडोज ९५ आणि ९८, आणि ऑफिसातली ही सोय सामान्यांच्या हाती आली. तेव्हाची जोडणी बहुधा काळ्या कोअॅक्स केबलची. प्रत्येक कार्डामागे टी-कनेक्टर आणि दोन्ही टोकांना पन्नास ओहमचा टर्मिनेटर. झाडताना कुणी टोकाचं ते बोटभर टोपण काढून ठेवलं, की ओळीतल्या सगळ्याच कॉम्प्युटरचं नेटवर्क बंद. मी ज्या क्लासमध्ये शिकलो तिथे अर्धा दिवस असाच गेला होता. टोपण शेवटी खडूच्या डबीत सापडलं.

विंडोज ९८ मध्ये फोल्डर शेअर करायचं म्हणजे उजवं क्लिक, ‘शेअरिंग’, आणि तीन पर्याय: फक्त वाचायला, पूर्ण मुभा, किंवा पासवर्डप्रमाणे. ओके केलं की फोल्डरच्या चित्राखाली एक हात येई, ताटलीत काही पुढे करावं तसा. पासवर्ड फोल्डरचा असे, माणसाचा नव्हे. इकडे विंडोज एनटी आणि विंडोज २००० आधी विचारत, ‘तू कोण?’ त्यामुळे ९८ वरून २००० च्या मशीनवर गेलं की आयपीसी-डॉलर नावाच्या कसल्याशा गोष्टीचा पासवर्ड मागणारी चौकट यायची. तिथे काहीही टाकलं तरी उपयोग नसे, कारण खरं भांडण पासवर्डचं नव्हतंच. ९८ सुरू करताना जे नाव टाकलं त्या नावाचा माणूस समोरच्या मशीनला माहीत नव्हता. तिकडे त्याच नावाचं, त्याच पासवर्डचं खातं उघडलं की चौकट गायब. हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही.

आणि तो फोल्डरचा पासवर्ड तरी कसा होता? पासवर्ड किती अक्षरांचा तपासायचा हे मागणारं मशीनच सांगे. एकच अक्षर पाठवून ‘एवढंच तपास’ म्हटलं, की ९८ पहिलं अक्षर पाही आणि दार उघडी. मायक्रोसॉफ्टने ही चूक ऑक्टोबर २००० मध्ये दुरुस्त केली, पण दुरुस्ती घरोघरी कोण घालतो? २००२ मध्ये ओपासर्व नावाचा वर्म, म्हणजे आपला आपण पसरणारा घातक प्रोग्रॅम, याच फटीतून मशीनमागून मशीन फिरला. तोवर नेटब्युई मागे पडून सगळं टीसीपी-आयपीवर, इंटरनेटच्याच रीतीवर, आलं होतं, म्हणजे घरातलं शेअरिंग आता इंटरनेटवरूनही दिसू शकत होतं. केबलवाल्याने सोसायटीत इंटरनेट दिलं त्या दिवसांत आमच्याकडे ‘नेटवर्क नेबरहुड’ उघडलं की खरोखरच नेबरहुड दिसायचं. तिसऱ्या मजल्यावरच्यांची सी ड्राइव्ह, कुणाची गाणी, कुणाचा बायोडेटा. आम्ही गाणी घेतली, हे कबूल करतो.

शेजारी दिसायचे तेही आपल्या मर्जीने. यादी कुणी ठेवायची याची मशीनमध्ये चक्क निवडणूक होई. विंडोजची आवृत्ती, मशीन किती वेळ चालू आहे, आणि शेवटी नावाची अक्षरं, यावर विजेता ठरे. मशीन नीट बंद न करता कुणी बटण दाबलं तर त्याचं नाव यादीत अर्धा तास तसंच राही, आणि नवं आलेलं लगेच दिसत नसे.

या कथेतला मला सगळ्यात आवडणारा माणूस ऑस्ट्रेलियात होता. अँड्र्यू ट्रिजेल, कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होता. १९९१ च्या डिसेंबरात त्याला युनिक्स मशीनवरची डिस्कची जागा आपल्या डॉस पीसीवर हवी होती. कागदपत्रं हाती नव्हती, म्हणून तारेवरून जाणारी माहितीची पाकिटं वाचून वाचून त्याने सर्व्हर लिहिला आणि जानेवारीत वाटून टाकला. आपण लिहिलं ते एसएमबी आहे हेही त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं. प्रकरण तसंच पडून राहिलं. जवळजवळ दोन वर्षांनी बायकोचा विंडोज पीसी आपल्या लिनक्सला जोडायची वेळ आली, तेव्हा त्याने ते पुन्हा हाती घेतलं. म्हणजे शेवटी घरातलेच दोन कॉम्प्युटर. या सर्व्हरच्या आधीच्या नावाबद्दल एका कंपनीने हरकत घेतली, तसे त्याने शब्दकोशात एस, एम, बी या क्रमाने अक्षरं असलेले शब्द शोधले. सॅल्मनबेरी, सांबा, सॉटिंबर, स्क्रॅम्बल. त्यातून सांबा उचललं. आज घरच्या बहुतेक नॅस डब्यांत, म्हणजे फायली साठवायला नेटवर्कला जोडतात त्या डब्यांत, तेच चालतं.

विंडोज व्हिस्टापासून दारं लागायला लागली. नवा एसएमबी २ आला. शंभरावर आज्ञांच्या जागी एकोणीस. त्याच वेळी पासवर्ड सिद्ध करायची जुनी पद्धत व्हिस्टाने मूळ सेटिंगमध्ये बंद केली आणि ९८ वाले अचानक परके झाले. जुना एसएमबी १ मात्र सोबतीला ठेवला होता.

तो २०१७ मध्ये नडला. एसएमबी १ मधली एक फट वापरणारं अमेरिकी गुप्तहेरांचं हत्यार, इटर्नलब्लू, एप्रिलमध्ये चव्हाट्यावर आलं. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती, पण १२ मे रोजी वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर वर्मने ब्रिटनमधल्या कितीतरी इस्पितळांचं काम अडवलं. दुसऱ्या दिवशी मायक्रोसॉफ्टने, तीन वर्षांपूर्वीच वाऱ्यावर सोडलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती दिली. जूनमध्ये नॉटपेट्या नावाच्या दुसऱ्या वर्मने हीच फट वापरली. त्यात मर्स्क या जहाज कंपनीची जगभरची यंत्रणा कोसळली आणि आपल्या न्हावाशेव्यात, जेएनपीटीतलं त्यांचं टर्मिनलही अडकलं. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून एसएमबी १ मुळात बसवणंच बंद झालं. २०१९ मध्ये सांबानेही तो मूळ सेटिंगमध्ये बंद ठेवला. एक्सपीला एसएमबी १ सोडून काही येत नाही. डबा आणि लॅपटॉप यांच्यातला अबोला तो हाच.

विंडोजच्या ‘फीचर्स’मध्ये जाऊन एसएमबी १ पुन्हा टिचकी मारून चालू करता येतो, आणि इंटरनेटवर बरेच जण तेच सांगतात. मी करत नाही. माझ्याकडे मध्ये एक छोटं लिनक्स मशीन आहे. त्यावर सांबा, आणि त्याच्या सेटिंगमध्ये सर्वांत जुनी चालणारी पातळी एनटी१, म्हणजे एसएमबी १च, लिहिली आहे, सोबत जुन्या पद्धतीच्या पासवर्डाची परवानगी. एक्सपी त्यात फायली टाकतो, लॅपटॉप एसएमबी ३ ने उचलतो. एक्सपीला राउटरवरून इंटरनेट बंद. चार फोटोच न्यायचे असतील तर मात्र पेन ड्राइव्ह शोधतो.